‘हे गाव झालेलं आहे’ म्हणणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
खान्देशातले पीएच.डी. मार्गदर्शक आणि संशोधन समित्यांचे सन्माननीय सदस्य,
जळगाव, धुळे, नंदुरबार

विषय: वार्धक्याच्या अभ्यासासाठी त्याच गावात, त्याच माणसांकडे पुन्हा जाऊ देण्याबाबत

सरांनो आणि मॅडम,

सिनॉप्सिस, म्हणजे पीएच.डी.च्या संशोधनाचा आराखडा, समितीपुढे मांडायला आम्हाला दहा मिनिटं मिळतात. माझी तीन प्रोजेक्टर सुरू होण्यात गेली. चौथ्या मिनिटाला पडद्यावर गावाचं नाव आलं आणि टेबलाच्या डाव्या टोकाकडून आवाज आला, “हे गाव झालेलं आहे.” म्हणजे इथं आधी कुणीतरी संशोधन केलंय, आता दुसरं गाव बघा. उरलेल्या सहा मिनिटांत मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. बाहेर आल्यावर गाईड म्हणाले, “पारोळ्याकडचं एखादं गाव टाक, टायटल तेच राहू दे.”

ती समिती कुठली, ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण नंतर ज्या ज्या मित्रमैत्रिणींशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांनी हे वाक्य कुठं ना कुठं ऐकलेलं होतं. कुणाला ‘टॉपिक झालेला आहे’, कुणाला ‘तालुका झालेला आहे’. आपल्याकडच्या थिसिसांची नावं वाचली की याचं उत्तर आम्ही विद्यार्थ्यांनी कसं शोधलंय ते दिसतं: ‘…: एक अभ्यास, विशेष संदर्भ अमुक तालुका’. अमुकच्या जागी तमुक टाकलं की विषय नवा. प्रश्नावली जुनीच, तक्ते जुनेच, फक्त माणसं नवी. मला याच्या नेमकं उलटं करायचं होतं. माणसं जुनी हवी होती.

गाव बोरी नदीच्या काठचं आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी माझ्याच गाईडच्या एका विद्यार्थ्यानं तिथल्या साठी ओलांडलेल्या माणसांची उंची, वजन, रक्तदाब आणि हाताच्या पकडीचा जोर मोजला, रक्ताचे नमुने घेतले. थिसिस झाला, व्हायवा झाली, त्याला नोकरीही लागली. (शेवटची गोष्ट आजकाल वेगळी सांगावी लागते.) ती यादी अजून आहे. त्यातले जे हयात आहेत त्यांना पुन्हा मोजायचं, जे गेले ते कधी आणि कशानं गेले हे घरच्यांना विचारायचं, एवढाच माझा प्रस्ताव होता. तुमच्या भाषेत ही पुनरावृत्ती. माझ्या मते वार्धक्याच्या जीवशास्त्रात पुनरावृत्तीशिवाय अभ्यासच उभा राहत नाही. ते का, हे त्या सहा मिनिटांत मला सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

पकडीचंच उदाहरण घ्या. डायनामोमीटर हातात दिलं, दाबायला सांगितलं, काटा २६ किलोवर थांबला. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये ठरवलेली पुरुषांसाठीची रेघ २८ किलोची आहे. म्हणजे हे आबा अशक्त. पण एका आबांचा जोर दहा वर्षांपूर्वी ४० होता आणि शेजारच्या आबांचा तेव्हाही २७ होता. आज दोघांचा काटा एकाच जागी. पहिल्यांचं काहीतरी भराभर ढासळतंय, दुसरे आहेत तसेच आहेत. एकदाच जाऊन आलेल्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात दोघं एकाच रकान्यात बसतात, आणि तो तक्ता ‘निष्कर्ष’ म्हणून छापला जातो.

आता वयाकडे येते. आपल्या भागातली खरी पंचाईत तिथं आहे.

म्हातारपणाच्या कुठल्याही अभ्यासात पहिला रकाना वयाचा असतो, आणि गावातल्या जुन्या माणसांचं वय कुणालाच माहीत नसतं. शाळेत गेलेल्यांची जन्मतारीख १ जून, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजी अंदाजानं वर्ष टाकून मोकळे व्हायचे. शाळेत न गेलेल्यांची १ जानेवारी, कारण आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं की मशीन ती तारीख धरतं. वर्षाचंही तसंच. श्रावणबाळच्या पगाराला ६५ लागतात, एसटीच्या मोफत प्रवासाला ७५. मी कुणाला खोटं म्हणत नाही. ज्याला स्वतःलाच माहीत नाही तो दोनचार वर्षं सोयीच्या बाजूला सरकला तर त्यात लबाडी कसली? एका घरात आई आणि मोठा मुलगा यांच्यात कागदोपत्री अकरा वर्षांचं अंतर निघालं. मुलगा म्हणाला, “मॅडम, लिहून घ्या, आम्हाला चालतं.”

यावर जुना उपाय आहे, गावातल्या घटनांवरून वय लावण्याचा. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, डिसेंबर १९३६, तेव्हा जन्म झाला होता का? नंदुरबारला इंग्रजांच्या गोळीबारात शिरीषकुमार गेला, १९४२, तेव्हा हिंडतीफिरती होतीस का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा कडेवर किती लेकरं होती? अशी विचारपूस करत गेलं की वय बरंच जवळ येतं. तरी तीनचार वर्षांची चूक राहतेच.

एवढी चूक काय करते ते पाहा. २०१३ साली स्टीव्ह हॉर्वाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ जागा वाचून वय सांगणारं ‘घड्याळ’ मांडलं. पेशीतल्या डीएनएवर मिथाइल गटांच्या बारीक खुणा असतात. वय वाढतं तशा काही ठरावीक जागी त्या वाढतात, काही जागी पुसल्या जातात. घड्याळाचं वय कागदावरच्या वयापेक्षा जास्त निघालं तर शरीर लवकर म्हातारं होतंय असं धरतात. म्हणजे सगळा खेळ वजाबाकीचा, आणि आपल्याकडे वजा करायचा आकडाच १ जानेवारीचा! आजींचं शरीर चार वर्षं पुढं धावतंय की तलाठ्याच्या अंदाजानं चार वर्षं खाल्ली, हे कुठलंही मशीन सांगू शकणार नाही. महागडं किट मागवून, पुण्या-बंगळुरूच्या प्रयोगशाळेत नमुने पाठवून आपण शेवटी मोजणार काय, तर गुरुजींची चूक.

पण त्याच आजींकडे दहा वर्षांनी परत गेलं तर? जन्मतारीख चुकीची असेल तर असू दे. पहिल्या भेटीची तारीख फॉर्मवर आहे, दुसरीची मी लिहीन. मधलं अंतर दिवसांत मोजता येतं. शरीर त्या अंतरात किती बदललं, हे जन्मतारखेशिवाय कळतं. ज्या भागात वय माहीत नाही त्या भागातल्या विद्यार्थ्याला तर पुन्हा जाण्यावाचून गत्यंतरच नाही. मला वाटतं, समितीला मी एवढी एकच गोष्ट नीट सांगितली असती तरी पुरे झालं असतं.

ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या वर्षात जन्मलेल्या १,०३७ मुलांना तिथले संशोधक लहानपणापासून धरून आहेत. कुणी दुसऱ्या देशात गेलं असेल तर विमानाचं तिकीट काढून तपासणीला बोलावतात. ४५ व्या वर्षीच्या फेरीला हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के आले. २६, ३२, ३८ आणि ४५ अशा चार वयांना तीच १९ मापं घेऊन त्यांनी प्रत्येकाचा म्हातारं होण्याचा वेग काढला. सगळे एका वर्षातले, तरी वेग वेगळे. पुढं तो वेग रक्ताच्या एकाच नमुन्यावरून ओळखायची चाचणी २०२२ मध्ये आली आणि आता जगभर लोक ती वापरतात. पण ती चाचणी तयार कशातून झाली, तर ‘झालेल्या’ गावात चारदा जाण्यातून.

आपल्याला विमानाचं तिकीट नको. माझ्या यादीतली काही माणसं मुलांकडे सुरतला, उधना-लिंबायतला राहायला गेलीत. भुसावळ-सुरत पॅसेंजरचं भाडं मी स्वतः भरते.

डनेडिन लांब पडलं, पैसेवाल्यांचं पडलं, असं म्हणाल तर पुण्याजवळची सहा खेडी घ्या. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ साली तिथं गरोदर बायांची नोंद सुरू केली. जन्माला आलेली बाळं वजनानं कमी पण अंगात चरबी राखून होती, ही आज जगभर माहीत असलेली गोष्ट त्यातून निघाली. गट तिथं थांबला नाही. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी त्याच पोरांना पुन्हा तपासलं. आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त असेल तर मूल सहा वर्षांचं होईतो इन्सुलिनला दाद देईनासं होऊ लागतं, हे दुसऱ्यांदा गेल्यावर कळलं. पहिल्याच भेटीनंतर कुणी ‘ही खेडी झालेली आहेत’ म्हटलं असतं तर?

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघालाच आहे तर माझ्या वडिलांचं सांगते. दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९७२. आजी म्हणायची, “सुकडी खाऊन खडी फोडली तवा हा पोटात व्हता.” म्हणजे जन्म बहुधा १९७३ चा, शाळेत लवकर घालायला एक वर्ष वाढवलेलं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तेव्हा ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्या डीएनएवरच्या एका ठरावीक जागी साठ वर्षांनंतरही मिथाइल खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी सापडल्या. त्यांच्याकडे जन्माच्या नोंदी होत्या. आपल्याकडे बहात्तरच्या पोटातली माणसं आता पन्नाशी ओलांडून साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतायत, आणि त्यांची एक वहीसुद्धा कुणी घातलेली नाही. डनेडिनची मुलंही नेमकी बहात्तर-त्र्याहत्तरचीच. हे मला अधूनमधून आठवतं आणि उगाच राग येतो.

तर गावाकडे. परवानगीच्या आधी नुसती चाचपणी म्हणून मी आशाताईंबरोबर काही घरं फिरले. एका समिती-सदस्य मॅडमांचा आक्षेप इथं मान्य करते, कारण तो खरा होता: जुन्या संमतीपत्रात ‘आम्ही पुन्हा येऊ शकतो’ असं कुठंच लिहिलेलं नव्हतं, मग मी ती नावं वापरायची कशी? म्हणून यादी मी हातात घेतली नाही. आधी आशाताईंनी घरोघर विचारलं, हो म्हटलेल्यांकडेच मी गेले. काहींनी नाही म्हटलं. एकीनं सांगितलं ते माझ्या वहीत तसंच आहे: “रगत लई गयात, पन सांगं काहीच नही.”

मी गप्प बसले. त्या विद्यार्थ्याची चूक म्हणावी तर त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं की माणसांना त्यांचे आकडे परत द्यायचे असतात. साखर वाढलेली निघाली असेल, हिमोग्लोबिन सात निघालं असेल, ते सगळं परिशिष्टात गेलं आणि परिशिष्ट गेलं शोधगंगेवर, म्हणजे थिसिस ठेवायच्या सरकारी वेबसाइटवर. शोधगंगेवर प्रकरणवार पीडीएफ मिळते. कच्चे आकडे मिळत नाहीत; ते कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर असतात आणि पेन ड्राइव्ह कपाटाच्या कुठल्यातरी खणात. रक्ताच्या नमुन्यांचं तर बोलूच नका. फ्रीझर दोन दिवस बंद राहिला आणि तिसऱ्या दिवशी शिपायानं सगळं फेकलं. निदान फिल्टर पेपरच्या कार्डावर थेंब वाळवून ठेवले असते तरी काहीतरी हाती लागलं असतं. देशभरच्या वार्धक्य पाहणीतही, ज्याला लासी म्हणतात, अशीच कार्डं वापरली.

लासीचंही सांगायला हवं, कारण “देशपातळीवर झालंय की” हे दुसरं आवडतं वाक्य आहे. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ७२ हजारांवर माणसं होती, मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं काम केलं, आणि ती पाहणी त्याच माणसांकडे पुन्हा जाण्यासाठीच आखलेली आहे. काम मोठंच आहे. पण त्याचे आकडे राज्यापर्यंत बोलतात. महाराष्ट्र म्हणजे मुंबईपण आणि सातपुड्यातलं मोलगीपण. खान्देश वेगळा काढून दाखवा म्हटलं तर त्यात तेवढी माणसंच नाहीत.

त्यातून आपल्याकडे भाषेचा गुंता. स्मृतिभ्रंश तपासायला आपण सर्रास जी तीस गुणांची परीक्षा वापरतो तिच्यातले प्रश्न आठवा. शंभरातून सात सात वजा करत जा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. आपण कितव्या मजल्यावर आहोत? मी हे मातीच्या घरात, शेणानं सारवलेल्या ओट्यावर बसून विचारलं. ज्यांना विचारलं त्या माय माझ्याकडे बघतच राहिल्या, मग सुनेला म्हणाल्या, “हाई पोर बरी शे ना?” आज तारीख काय, याचं उत्तर त्यांनी दिलं: काल एकादस झाली, म्हणजे बारस. बिनचूक. पण फॉर्मवर इंग्रजी तारखेचा चौकोन, तिथं शून्य. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आपल्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल. त्यांच्यापुढे हा कागद ठेवला असता तर लिहिण्याचा गुण गेला, पंचकोनाचा गेला, आणि आपण शेरा मारला असता.

हरियाणात बल्लभगडला १९९० च्या दशकात अशीच अडचण आली, तेव्हा तिथल्या संशोधकांनी अक्षरओळख नसलेल्या माणसांसाठी परीक्षा हिंदीत नव्यानं बांधली. मग त्याच गावांत पुन्हा जाऊन नव्यानं अल्झायमर झालेले किती ते मोजलं: तुलनेसाठी अमेरिकेतल्या वयोगटांच्या प्रमाणाशी जुळवून घेतलं तर ६५ वर्षांपुढच्या हजार माणसांमागे वर्षाला ४.७. अमेरिकेतल्या ज्या भागाशी तुलना केली तिथं हाच आकडा १७.५ होता. एवढा फरक का, यावर अजून वाद आहेत. पाठपुरावा दोनच वर्षांचा होता, माणसं तितकी जगत नव्हती, हे त्यांनी स्वतःच नोंदवलंय. आता लासीच्याच एका भागातून देशात साठीपुढच्या ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आला आहे. खान्देशात कुठं काय आहे? अहिराणीत, लेवा बोलीत, धडगाव-अक्कलकुव्याच्या पावरी-भिलीत तपासून घेतलेली परीक्षा असेल तरच सांगता येईल. अशी परीक्षा बांधणं हा एका पीएच.डी.चा पूर्ण विषय आहे. ‘नावीन्य’ रकान्यात काय लिहू म्हणून आमच्यातले कितीजण रात्र रात्र जागतात, आणि हा विषय वाटेवर पडलेला आहे.

शरीराच्या चाचण्यांचंही तेच. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठा-बसा, वेळ मोजा, ही नेहमीची चाचणी. घरात होती ती एकच प्लास्टिकची खुर्ची, ओट्यावर, धुऊन ठेवलेली. माय म्हणाल्या, “खुर्चीवर पाव्हना बसतस.” आणि मला दाखवायला म्हणून जमिनीवरून, हात न लावता, सरळ उभ्या राहिल्या. त्यांचं वय घटनांवरून लावलं तर ऐंशीच्या वर जातं. ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ जिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसून उठायला लावलं. हात टेकला की गुण कमी, गुडघा टेकला की गुण कमी. कमी गुण मिळालेले पुढच्या वर्षांत जास्त दगावले, असं त्यांनी २०१२ मध्ये छापलं. ते कळायला त्यांनाही सहा वर्षांवर थांबून कोण जगलं, कोण गेलं ते पाहावं लागलं. आपल्या बाया पापड लाटताना, निंदताना, पंगतीला दिवसातून वीसदा ही परीक्षा देतात. ती किती वर्षं देता येते आणि कधी थांबते, हे आपल्याइतकं सहज कुणाला बघता येईल? पण पुन्हा जायला हवं.

यादीतल्या बऱ्याच घरांत भिंतीवर हार घातलेला फोटो होता. समितीत कुणीतरी विचारलं होतं, “निम्मे मेलेले असतील, मग सॅम्पल साइज काय राहणार?” प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. जो गेला त्याची पकड, वजन, रक्तदाब दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत आहेत. तो कधी गेला ते घर सांगतं, बहुतेक वेळा तिथीसकट. जाण्याआधी वर्षभर कसा होता, जेवण कधी सुटलं, खाटेला कधी खिळला, हे सुना इतकं बारकाईनं सांगतात की कुठल्या केस पेपरवर सापडणार नाही. दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्या मापानं ही चाहूल दिली होती, एवढं जरी काढलं तरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला ते उद्या वापरता येईल. गेलेली माणसं माझ्या अभ्यासातून गळत नाहीत.

“पीएच.डी. स्वतंत्र काम असतं, दुसऱ्याच्या कामाचं शेपूट नव्हे,” असंही ऐकलं. शेपटावरूनच एक आठवलं. तळ्यात सापडणाऱ्या टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या गुणसूत्रांची टोकं एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी १९७८ मध्येच वाचली होती. १९८२ मध्ये जॅक शोस्टाक यांच्याबरोबर त्यावर पुढचं कामही झालं होतं. म्हणजे विषय ‘झालेला’. त्यानंतर त्यांच्याकडे कॅरल ग्रायडर पीएच.डी.ला आली, त्याच जीवाच्या त्याच टोकांवर काम करत राहिली, आणि १९८४ च्या नाताळच्या दिवशी तिला ती टोकं वाढवणाऱ्या टेलोमरेज एन्झाइमचा पुरावा दिसला. पेशी म्हाताऱ्या का होतात या प्रश्नातलं ते मोठं दार. २००९ चं नोबेल तिघांना मिळालं. मला नोबेल नको, सिनॉप्सिस पास झाला तरी पुष्कळ आहे.

आता मागणं. नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन, कमाल सहा वर्षं. माणूस म्हातारा व्हायला तीस वर्षं लागतात. एका विद्यार्थ्याच्या आयुष्यात हे बसत नाही. पाच विद्यार्थ्यांच्या आयुष्यात बसतं, जर पहिल्यानं दुसऱ्याच्या हातात काहीतरी ठेवलं तर. म्हणून तिन्ही जिल्ह्यांत एकेक गाव ठरवा आणि ते कधीच ‘झालं’ असं म्हणू नका. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एमबीबीएसची पोरं पहिल्या वर्षापासून गावातली कुटुंबं दत्तक घेतात, तसा अभ्यासक्रमच आहे. ती कुटुंबं आणि आमची यादी एकाच गावातली असायला काय हरकत आहे? सातपुड्यातलं गाव घ्याल तेव्हा एक पथ्य: दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, ते भोंगऱ्याला (होळीआधीच्या आदिवासी बाजाराला) आणि होळीला परततं. मोजणीचा महिना त्याप्रमाणे ठरवावा लागेल, सेमिस्टरप्रमाणे नाही.

संमतीपत्रात एक ओळ वाढवा: ‘काही वर्षांनी आम्ही पुन्हा आलो तर चालेल का?’ अंगठा घेण्याआधी ती अहिराणीत, पावरीत वाचून दाखवा. कच्चे आकडे नावं काढून विभागात जमा झाल्याशिवाय व्हायवा लावू नका. नावांची किल्ली वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाकडे. ज्याचं रक्त घेतलं त्याला त्याचे आकडे समजतील असे सांगितल्याचा कागद थिसिसला जोडायला लावा. आणि सिनॉप्सिसच्या फॉर्मवर ‘नावीन्य’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना द्या, ‘याआधी मोजलेल्या माणसांचं पुढं काय झालं’. तो भरायला घ्याल तेव्हा तुमच्याच विभागाच्या कपाटांत किती याद्या पडल्यात ते दिसेल.

पारोळ्याकडचं नवं गाव मी घेतलेलं नाही. सुधारित सिनॉप्सिस पुढच्या बैठकीला येतोय, गाव तेच आहे, आणि यावेळी प्रोजेक्टर नसला तरी चालेल, मी पानं छापून आणणार आहे. हो म्हटलेल्या घरांची नवी यादी, नव्या संमतीसह, तयार झाली आहे. तिची एक प्रत आशाताईंनी मागून घेतली. त्यांच्या रजिस्टरमध्ये मागच्या वेळेपासून ‘रक्त तपासणी, निकाल बाकी’ अशी नोंद आहे, ती त्यांना एकदाची पूर्ण करायची आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा घरात विचारायला जाणती माणसं भेटतात. राहिलेली घरं मी तेव्हा करणार आहे.

आपली,
एक पीएच.डी. विद्यार्थिनी
तालुका अमळनेर